लिनक्सवर टेक्स्ट एडिटरची विंडो आकार विसरते, वाढते, पडद्याबाहेर जाते: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

हा बिघाड मी इतक्या जणांच्या मशीनवर दुरुस्त केला आहे की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेमकं काय होतं? ‘विंडोचा आकार बिघडतो’ या एका तक्रारीखाली बरेच वेगळे दोष येतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आधी यातलं आपलं लक्षण ओळखा.

- विंडो ओढून हवी तेवढी केली, एडिटर बंद केला, पुन्हा उघडला की परत जुन्याच मापाची.
- माप लक्षात राहतं, पण विंडो पडद्यावर भलतीकडेच उघडते.
- दर वेळी उघडताना विंडो थोडीशी वाढलेली किंवा थोडीशी आक्रसलेली असते.
- माप लहान ठेवलं तरी उघडताना मॅक्सिमाइझ होऊनच येते.
- शीर्षकपट्टी पडद्याच्या वर किंवा विंडोचा खालचा भाग पडद्याखाली गेलेला, धरायला कडाच सापडत नाही.
- दुसरा मॉनिटर जोडला किंवा काढला की माप बदलतं.
- एका ठरावीक रुंदीपेक्षा विंडो लहान होतच नाही.

हे माप एकटा एडिटर ठरवत नाही, हे लक्षात ठेवलं तर निम्मा शोध वाचतो. एडिटर आपल्याकडे जपून ठेवलेलं माप मागतो. ते द्यायचं की नाही हे विंडो मॅनेजर ठरवतो (ग्नोम या डेस्कटॉपमध्ये मटर, केडीई या डेस्कटॉपमध्ये केविन). आणि त्या मापाचे प्रत्यक्ष पडद्यावर किती पिक्सेल होतात ते डिस्प्लेच्या स्केलिंगवर (पडद्यावर सगळं किती टक्के मोठं दाखवायचं) ठरतं. बहुतेक जण तिन्हीपैकी फक्त एडिटरच्या सेटिंगमध्ये शोधत बसतात. खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे; मी सांगितल्याशिवाय मधलं गाळून पुढे उडी मारू नका.

आधी विंडो हातात घ्या

विंडो पडद्याबाहेर असेल तर बाकी काही तपासण्याआधी ती परत आणायची. ग्नोम आणि एक्सएफसीई या डेस्कटॉपांत ऑल्ट आणि एफ७ दाबून बाणांच्या कळांनी विंडो हलवता येते, ऑल्ट आणि एफ८ दाबून तिचा आकार बदलता येतो. एंटर दाबला की ती तिथे स्थिरावते. लॅपटॉपवर एफ-कळांसाठी एफएन धरावी लागू शकते. केडीईमध्ये ऑल्ट आणि एफ३ दाबल्यावर विंडोचा मेनू उघडतो, त्यात हलवणं आणि आकार बदलणं दोन्ही आहे. शीर्षकपट्टी दिसत नसली तरी ग्नोम आणि केडीईत सुपर (विंडोज चिन्हाची) कळ धरून विंडोत कुठेही क्लिक करून ओढता येतं. काहीच जमलं नाही तर ग्नोममध्ये सुपर आणि वरचा बाण: विंडो मॅक्सिमाइझ होते, मग पूर्ववत करून माप द्या.

एडिटर नीट बंद करून पाहा

बहुतेक एडिटर माप लिहून ठेवतात ते विंडो बंद होताना. एडिटर उघडा ठेवूनच मशीन बंद केलं, किंवा अडकला म्हणून प्रोसेस मारून टाकली, तर नवं माप लिहिलंच जात नाही. दोन-तीन विंडो उघड्या असतील तर अनेक एडिटरांत शेवटी बंद झालेल्या विंडोचं माप टिकतं आणि आपण काळजीपूर्वक ठरवलेलं पहिलीचं माप पुसलं जातं.

म्हणून चाचणी अशी करा: एकच विंडो ठेवा. ती मॅक्सिमाइझ केलेली, फुलस्क्रीन किंवा पडद्याच्या अर्ध्या भागाला चिकटवलेली नसावी. मोकळ्या विंडोला माप द्या, एडिटरच्या मेनूतून बाहेर पडा, काही सेकंद थांबा, पुन्हा उघडा. अर्ध्याला चिकटवलेली विंडो मुद्दाम टाळायची, कारण त्या अवस्थेतलं माप मोकळ्या विंडोचं म्हणून जपायचं की नाही याबद्दल सगळे एडिटर एकसारखे वागत नाहीत.

दुसरे प्रोग्रॅम कसे वागतात?

फाइल मॅनेजर उघडा, माप बदला, बंद करा, परत उघडा. तोही विसरत असेल तर एडिटरचा दोष नाही. एडिटरच्या सेटिंगचा भाग सोडून सरळ डिस्क आणि परवानग्यांच्या भागाकडे जा. या चाचणीसाठी टर्मिनल वापरू नका. ग्नोमचं टर्मिनल प्रोफाइलमध्ये दिलेल्या ओळी आणि स्तंभांच्या संख्येनुसार उघडतं, मुळात ८० स्तंभ आणि २४ ओळी. ते ‘विसरलं’ असं वाटतं, पण ते ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं.

वेलँड की एक्स११?

पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या या दोन यंत्रणा; तुमच्याकडे कोणती चालू आहे ते पाहायचं. ही तपासणी फुकट आहे आणि एक लक्षण इथेच निकाली निघतं. ग्नोमच्या सेटिंगमध्ये सिस्टमच्या माहितीत विंडोइंग सिस्टमचं नाव लिहिलेलं असतं. केडीईत तेच ‘ग्राफिक्स प्लॅटफॉर्म’ म्हणून दिसतं.

एक्स११ ही १९८७ सालची रचना. तिच्यात प्रोग्रॅम ‘मला या मापात, या जागी ठेव’ असं सांगू शकतो. वेलँडमध्ये नेहमीच्या विंडोला पडद्यावरची आपली जागा ठरवायची मुभा मुद्दाम दिलेली नाही. स्वतः कुठे आहोत हेसुद्धा तिला कळत नाही. जागा कंपोझिटर (वेलँडवर विंडो मॅनेजरचं काम करणारा प्रोग्रॅम) ठरवतो. त्यामुळे वेलँडवर माप लक्षात राहतं पण जागा राहत नाही ही तक्रार असेल, तर काहीही बिघडलेलं नाही आणि एडिटरच्या सेटिंगमध्ये त्याचा उपायही नाही. ग्नोममध्ये फार तर नव्या विंडो मध्यभागी उघडण्याचा पर्याय ट्वीक्स प्रोग्रॅममधून चालू करता येतो. केडीईत केविनच्या नियमांतून जागाही ठरवता येते, कारण तिथे खुद्द कंपोझिटरलाच सांगणं होतं.

जुने उपाय वाचताना हे विशेष सांभाळा. डब्ल्यूएम-कंट्रोल, एक्सडूटूल, डेव्हिल्सपाय२ ही साधनं एक्स११ची आहेत. फेडोरा वर्कस्टेशनवर २०१६ पासून आणि उबुंटूवर २१.०४ पासून सर्वसाधारणपणे वेलँडच सुरू होतं. त्या साधनांनी वेलँडच्या विंडो हलत नाहीत, आणि लोक आज्ञेतली चूक शोधत बसतात.

उघडताच मॅक्सिमाइझ होते

ग्नोममध्ये हे फार वेळा दिसतं. नव्याने उघडणारी विंडो जवळपास पडद्याएवढीच असेल तर मटर ती आपणहून मॅक्सिमाइझ करतो. विंडो जवळजवळ पडदाभर ठेवून एडिटर बंद केला असेल तर पुढच्या वेळी हेच होणार. आधी विंडो सगळ्या बाजूंनी ठळक फरक दिसेल इतकी लहान करून बंद करा. बहुतेकांचं काम एवढ्यानेच होतं. सवय सोडायची नसेल तर डीकॉन्फ एडिटर (ग्नोमच्या सेटिंगचा साठा, म्हणजे डीकॉन्फ, दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून ऑर्ग, ग्नोम, मटर या वाटेने जा आणि ‘ऑटो-मॅक्सिमाइझ’ बंद करा. ही सेटिंग सगळ्याच विंडोंना लागू होते, हे ध्यानात असू द्या.

आय३ किंवा स्वे यांसारखा टायलिंग (विंडो फरशांसारख्या शेजारी-शेजारी मांडणारा) विंडो मॅनेजर असेल तर विंडोचं माप मांडणीवरूनच ठरतं. एडिटरसाठी ‘फ्लोटिंग’चा (मोकळ्या विंडोचा) नियम लिहिल्याशिवाय त्याने मागितलेल्या मापाला तिथे काही किंमत नाही.

एडिटरच्या स्वतःच्या सेटिंग

एक्सएफसीईच्या माउसपॅडमध्ये प्राधान्यांत विंडोचं माप, जागा आणि अवस्था लक्षात ठेवण्याचे वेगवेगळे पर्याय आहेत. माप चालू आणि अवस्था बंद असं असेल तर अर्धवट आठवण झाल्यासारखं वाटतं, म्हणून तिन्ही पाहा.

जीएडिट आपलं माप डीकॉन्फमध्ये ‘स्टेट’ या भागात ठेवतो. २०२२ मध्ये ग्नोम ४२ बरोबर त्याच्या जागी ग्नोम टेक्स्ट एडिटर आला, आणि उबुंटूने २२.१० पासून तोच मूळ एडिटर केला. हे दोन निराळे प्रोग्रॅम आहेत. अपग्रेडनंतर ‘माझ्या एडिटरचं माप गेलं’ म्हणणाऱ्यांकडे बरेचदा एडिटरच बदललेला असतो. नव्या एडिटरमध्ये मापाची आठवण सेशनशी (मागच्या वेळी उघड्या असलेल्या फाइलींशी) जोडलेली आहे, त्यामुळे प्राधान्यांतला ‘रिस्टोर सेशन’ चालू करून पाहा.

व्हीएस कोडमध्ये ‘विंडो: न्यू विंडो डायमेन्शन्स’ ही सेटिंग शोधा. ‘इनहेरिट’ ठेवलं तर नवी विंडो शेवटच्या वापरलेल्या विंडोचं माप घेते.

जीव्हिम आणि ईमॅक्स माप आपणहून जपत नाहीत, सांगावं लागतं. जीव्हिमसाठी ‘लाइन्स’ आणि ‘कॉलम्स’ हे आकडे जीव्हिमआरसी फाइलमध्ये लिहा. साध्या व्हिमआरसीत लिहिले तर टर्मिनलमधला व्हिमही ते पाळायला जातो आणि टर्मिनलचं माप हलतं. टूलबार किंवा टॅबची पट्टी दिसली-लपली की जीव्हिमची विंडो उडी मारत असेल तर ‘जीयूआय ऑप्शन्स’मध्ये ‘के’ हे अक्षर जोडा. ईमॅक्समध्ये ‘डिफॉल्ट-फ्रेम-अलिस्ट’मध्ये रुंदी-उंची द्यायची. ईमॅक्सची विंडो मॅक्सिमाइझ करूनही कडेला फट राहत असेल तर कारण असं की तो मुळात पूर्ण अक्षरांच्या पटीतच आकार बदलतो. ‘फ्रेम-रिसाइज-पिक्सेलवाइज’ चालू केलं की ती जाते.

मॉनिटर जोडला की माप बदलतं

केडीईत केट वापरणाऱ्यांनी हे नक्की वाचावं. केडीईचे प्रोग्रॅम विंडोचं माप पडद्यानुसार वेगवेगळं जपतात. नोंदीच्या नावातच पडद्याचं माप किंवा पडद्यांची संख्या असते. म्हणून लॅपटॉपच्या पडद्यावर ठरवलेलं माप मोठा मॉनिटर जोडल्यावर दिसत नाही, त्या मॉनिटरसाठीचं दिसतं. यावर उपाय एवढाच, की प्रत्येक मांडणीत एकदा हवं ते माप देऊन एडिटर नीट बंद करायचा.

दोन पडद्यांचं स्केलिंग वेगळं असेल, एक १०० टक्के आणि दुसरा २०० टक्के, तर दोन्ही पडदे थोड्या वेळासाठी एकाच टक्केवारीवर आणा. बिघाड गेला तर कारण सापडलं. कधीकाळी अक्षरं मोठी दिसावीत म्हणून प्रोफाइल फाइलमध्ये जीडीके किंवा क्यूटी या विंडो काढणाऱ्या लायब्ररींच्या स्केलची ओळ लिहिलेली असते आणि नंतर सेटिंगमधूनही स्केलिंग चढवलेलं असतं. मग काही प्रोग्रॅमांना ते दोनदा लागू होऊन विंडो पडद्यात मावत नाही. दोन्हींपैकी एक काढा, शक्यतो फाइलमधलं.

विंडो एका मापाखाली जात नसेल तर बाजूचं पॅनेल, टूलबार आणि मिनिमॅप लपवून पाहा, इंटरफेसचा फाँट लहान करा. आतल्या गोष्टी मावायला लागणारी किमान जागा एडिटर विंडो मॅनेजरला कळवतो आणि तो त्याखाली जाऊ देत नाही. एक्स११वर एक्सप्रॉप ही आज्ञा चालवून विंडोवर क्लिक केलं की हे किमान माप आकड्यांत दिसतं.

माप लिहिलंच जात नाही: डिस्क आणि परवानग्या

इतकं करूनही आठवण राहत नसेल, किंवा फाइल मॅनेजरही विसरत असेल, तर मी इथेच सर्वात जास्त वेळ देतो. ‘सगळं करून पाहिलं’ म्हणणाऱ्यांचा दोष बहुधा इथे निघतो. याचं मोठं लक्षण असं की विसरणं मापापुरतं नसतं: अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, फाँट, रंगसंगती, सगळंच पुढच्या वेळी जुन्यावर जातं. कुठलाही इशारा पडद्यावर येत नाही.

पहिलं, डिस्क भरली आहे का ते पाहा. होम (तुमच्या फाइली आणि सेटिंगचं फोल्डर) ज्या भागात आहे तिथे जागाच नसेल तर सेटिंग लिहिता येत नाही.

दुसरं, मालकी. कोणीतरी सिस्टमची फाइल बदलण्यासाठी ग्राफिकल एडिटर सूडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारी आज्ञा) लावून उघडतो. काही सिस्टमवर, विशेषतः जुन्या रिलीझमध्ये, असं करताना होम फोल्डर आपलंच राहतं आणि एडिटर रूट (म्हणजे प्रशासक) म्हणून तिथे सेटिंगच्या फाइली तयार करतो. पुढे आपल्या नावाने एडिटर उघडला की त्या फाइली वाचता येतात, लिहिता येत नाहीत. आठवण गोठते.

तपासायला एडिटर टर्मिनलमधून उघडा, अर्थातच सूडो न लावता. डीकॉन्फच्या फाइलला परवानगी नाकारली आणि डीकॉन्फ नीट चालणार नाही, अशा अर्थाची ओळ टर्मिनलमध्ये आली तर रोग सापडला. त्या ओळीत फाइलचा पत्ताही असतो. तो ‘रन’ फोल्डरातला असेल तर मशीन पुन्हा सुरू करणं पुरतं, कारण ते फोल्डर मेमरीत असतं आणि नव्याने तयार होतं. पत्ता आपल्या होममधल्या कॉन्फिग फोल्डरातला असेल तर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबून लपलेली फोल्डरं दाखवा, डीकॉन्फ फोल्डरच्या गुणधर्मांत मालकाचं नाव पाहा. तिथे रूट दिसलं तर सीएच-ओन आज्ञेने फक्त त्या फोल्डरची मालकी आपल्या नावावर करा. फक्त त्या फोल्डरची. हीच आज्ञा चुकून संपूर्ण सिस्टमवर चालली तर सूडोसुद्धा चालेनासं होतं आणि ती दुरुस्ती फार महागात पडते.

पुढे सिस्टमच्या फाइलींसाठी सूडोएडिट वापरा. ते फाइलची तात्पुरती प्रत आपल्या नावाने उघडतं आणि बदल झाल्यावर मूळ जागी लिहितं, त्यामुळे एडिटर रूट म्हणून चालतच नाही.

तिसरं, एडिटर दोनदा तर बसवलेला नाही ना? फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे प्रोग्रॅम बसवायचे वेगळे मार्ग आहेत. फ्लॅटपॅकमधून आलेला प्रोग्रॅम सेटिंग होममधल्या ‘व्हार’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवतो, स्नॅपचा ‘स्नॅप’ फोल्डरात, आणि वितरणातून (उबुंटू, फेडोरा वगैरे) आलेला आपल्या नेहमीच्या जागी. मेनूतून एक उघडतो, फाइलवर डबल-क्लिक केल्यावर दुसरा. दोघंही आपापलं माप बरोबर लक्षात ठेवतात. नको तो काढून टाका.

दर वेळी वाढते किंवा आक्रसते

आधी किती ते मोजा. एक्स११वर एक्सविनइन्फो विंडोचं नेमकं माप सांगतं. वेलँडवर डीकॉन्फ एडिटरमध्ये जपलेला आकडा उघड-बंद करण्याआधी आणि नंतर पाहा.

फरक एक-दोन पिक्सेलचा असेल आणि स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असेल तर ती अपूर्णांकाची गोळाबेरीज आहे. स्केलिंग पूर्णांकावर आणून खात्री करा.

फरक डझनभर पिक्सेलचा किंवा जास्त आणि दर वेळी तेवढाच असेल तर तो एडिटरच्या कोडमधला दोष आहे. ग्नोमच्या प्रोग्रॅमांत शीर्षकपट्टी आणि विंडोभोवतीची सावली प्रोग्रॅम स्वतः काढतो. माप जपताना सावली-चौकट धरून मोजलं आणि उघडताना तोच आकडा आतल्या भागाचं माप म्हणून दिला, तर दर फेरीला विंडो तेवढीच फुगते. ग्नोमचे प्रोग्रॅम ज्यावर बांधतात त्या जीटीके लायब्ररीच्या दस्तऐवजातच अशा कामासाठी कुठलं फंक्शन वापरायचं हे सांगितलेलं आहे, तरी ही चूक होत राहते. वापरणाऱ्याच्या हाती असलेला उपाय म्हणजे एडिटर अद्ययावत करणं. तोवर जपलेलं माप डीकॉन्फ एडिटरमधून मूळ किमतीवर आणा.

शेवटचे दोन उपाय

मशीनवर एक नवं खातं तयार करा आणि त्यात तोच एडिटर उघडून पाहा. हे कंटाळवाणं आहे, पण याच्याइतकं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कशाने मिळत नाही. नव्या खात्यात ठीक चालत असेल तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे: एडिटर बंद करून त्याच्या सेटिंगच्या फोल्डरचं नाव बदला (पुसू नका), एडिटर पुन्हा उघडा. डीकॉन्फ वापरणाऱ्या एडिटरसाठी जीसेटिंग्ज आज्ञेने फक्त त्याच एडिटरच्या नोंदी रिसेट करा. डीकॉन्फची फाइल टेक्स्ट एडिटरने उघडून बदलायला जाऊ नका. ती बायनरी आहे, हाताने बदलली तर सगळ्या डेस्कटॉपच्याच सेटिंग जाऊ शकतात.

दुसरा उपाय सक्तीचा. केडीईत शीर्षकपट्टीवर राइट-क्लिक करून त्या विंडोसाठी नियम करा आणि मापाला ‘सुरुवातीला लागू’ निवडा. ‘सक्ती’ निवडलं तर नंतर हाताने आकार बदलता येत नाही, म्हणून ते टाळावं. एक्स११वर हेच काम डेव्हिल्सपाय२ करतो. मूळ दोष यामुळे झाकला जातो, म्हणून हा उपाय मी शेवटीच ठेवतो.

इथे थांबा

मशीन ऑफिसचं किंवा संस्थेचं असेल आणि डीकॉन्फ एडिटरमध्ये ती नोंद बदलूच देत नसेल, तर प्रशासकाने कुलूप लावलेलं असू शकतं. ते फोडायला जाऊ नका, त्यांना सांगा. होम फोल्डर नेटवर्कवरून येत असेल तरीही हेच.

टर्मिनलमध्ये डिस्कच्या वाचन-लेखनाचा दोष किंवा ‘फक्त वाचनासाठी’ अशा अर्थाचा संदेश दिसला तर विंडोचा विषय तिथेच सोडा. आपल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या आणि मशीन जाणकाराला दाखवा. डिस्क निकामी होत असल्याचं ते लक्षण असू शकतं. सगळ्याच प्रोग्रॅमांच्या विंडो चुकीच्या मापात येत असतील आणि सेटिंगमध्ये पडद्याचं खरं रिझोल्यूशनच मिळत नसेल तर प्रश्न ग्राफिक्स ड्रायव्हरचा आहे. तो काढण्या-घालण्याचा अनुभव नसेल तर मदत घ्या, कारण चुकलं तर डेस्कटॉपच सुरू होत नाही.

आणि नव्या खात्यात, नव्या आवृत्तीतही तोच दोष दिसत असेल तर एडिटरच्या विकासकांकडे नोंदवा. वितरणाचं नाव आणि आवृत्ती, एडिटरची आवृत्ती आणि तो कुठून बसवला, वेलँड की एक्स११, प्रत्येक पडद्याचं रिझोल्यूशन आणि स्केलिंग, आणि उघड-बंद करण्याआधीचं व नंतरचं माप आकड्यांत, एवढं लिहा.